अकरावी पायरी

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. तू खुशाल नाहीस हे माहीत असूनही 'तुम्हीही खुशाल असाल' असं लिहायला हात शिवशिवतोय, इतकी सवय झाली आहे आपल्याला.

पत्र बघून हसशील. चार तासांवर राहणाऱ्या बहिणीला हल्ली कोण पत्र लिहितं? पण फोनवर तू 'मी बरी आहे, तू जेवलास का' एवढं विचारतेस आणि फोन भाऊजींच्या हातात देतेस. कागदाला तसं करता येणार नाही. फार तर घडी घालून उशाखाली ठेवशील, पण वाचल्याशिवाय राहणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

मनगटाचं प्लास्टर अजून तीन आठवडे राहणार असं भाऊजी म्हणाले. हिने तुझ्यासाठी दोन झगे शिवले आहेत. उजवी बाही खांद्यापर्यंत उघडते, म्हणजे प्लास्टरचा हात कोंबायला नको. रंग तुला आवडणार नाही, पण मी त्यात पडलो नाही. गुडघ्याची सूज उतरली का? चिमणीला म्हणावं, आई लेकीकडे राहायला आली आहे म्हणून तिच्यावर मास्तरकी गाजवू नकोस. ती अगदी तुझ्यावर गेली आहे.

शाळेच्या बातम्या. तुझ्या जागी आलेल्या बाई बऱ्या आहेत, पण प्रयोगशाळेतल्या काकांनी तुझ्या कपाटाची किल्ली त्यांना दिलेली नाही. 'बाई आल्या की देईन' म्हणतात. 'अहो, या पण बाईच आहेत' असं मोठ्या बाईंनी सांगून पाहिलं. काका ऐकत नाहीत. तू पडलीस तेव्हा हातात असलेल्या पेटीतले नऊपैकी तीन लोलक वाचले. ते त्यांनी कापसात गुंडाळून ठेवले आहेत. चित्रकलेच्या सरांनी वरच्या दालनाची एक भिंत पांढरी करून घेतली होती, तुझ्या लोलकांचे रंग पाडायला. ती अजून तशीच कोरी आहे आणि मुलांना तिच्यावर काही लावू देत नाहीत.

मधला जिना सध्या बंद आहे. पॉलिशचं काम काढलं आहे, दुसरं काही नाही. इमारत मी काढलेली, म्हणून मोठ्या बाईंनी माझ्याकडे जिन्याबद्दल अहवाल मागितला होता, तोही मी देऊन टाकला. अशा वेळी कागद लागतात.

काठीचं मीच भाऊजींना सुचवलं. रागावू नकोस. काठी घेतली म्हणून कोणी म्हातारं होत नाही. आणि तू नोकरी सोडायचं बोलतेस असं चिमणीकडून कळलं. घाई करू नकोस. पण खरंच थकली असशील, तर त्यात कमीपणा नाही. एकतीस वर्षं शिकवलंस. आता थोडं बसून राहिलीस तर कोण काय म्हणणार आहे?

तब्येतीला जप. जिन्यावर एकटी जाऊ नकोस.

तुझा लाडका,
बारक्या


१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. डाव्या हाताने लिहिलेलं अक्षर पाहून आधी हसू आलं. पहिलीतल्या मुलाने लिहावं तसं, ओळी सगळ्या उतरणीला लागलेल्या. मग वाचलं.

राजीनामा पाठवलास. अठ्ठावीस तारखेपासून तू शाळेत नसणार. तू लिहितेस, डोळे तपासले, कान तपासले, डोक्याचं चित्र काढलं, सगळं ठीक. तरी धडधाकट बाई स्वतःच्या शाळेत, रोजच्या जिन्यावर पडते, याचा अर्थ शरीर आता आपलं ऐकत नाही. चिमणीच्या घरात स्वयंपाकघरात जायला तीन पायऱ्या आहेत आणि त्या तू बसून उतरतेस, हे तू एका ओळीत लिहून पुढे लगेच हवेबद्दल लिहिलंस.

ती ओळ माझ्याच्याने ओलांडवेना. पत्र खिशात घालून मी शाळेत गेलो.

शाळा सुटली होती, इमारत रिकामी होती. तुला आठवतं, ही इमारत अशी मुळीच व्हायची नव्हती. संस्थेला दोन वेगळ्या इमारती हव्या होत्या, विज्ञानाची एक, कलेची एक, दोन फाटकं, मध्ये कुंपण. त्यांचं म्हणणं, तबल्याच्या आवाजात रसायनं उकळत नाहीत. संस्थेच्या बैठकीत तू शिक्षकांतर्फे बसली होतीस आणि मी नकाशे मांडून घाम पुसत होतो. तू म्हणालीस, रंगांच्या वर्गात माझे लोलक जायला आणि माझ्या वर्गात त्यांचे रंग यायला वाट पाहिजे. सगळे हसले. मी हसलो नाही, घरी येऊन नकाशा फाडला. उतारावर खाली विज्ञानाचा भाग, वर कलेचा, आणि मध्ये मुलांना बसता येईल असा रुंद जिना. दोन्ही बाजूंना काच. अकरा पायऱ्या. लोक ज्याला माझी कल्पना म्हणतात ती तुझी होती, हे मी कुठल्याच भाषणात सांगितलं नाही. पण आज सांगायचं आहे ते हे नाही.

बंद जिन्यापुढे बांधलेली दोरी मी ओलांडली आणि डोळे मिटून जिना चढलो. आपल्या जुन्या बिल्डिंगमध्ये तू मला चढवायचीस तसा. शाळा सुटल्यावर दप्तर पाठीला, डोळे मिटायचे, कठड्याला हात लावायचा नाही, चौपन्न पायऱ्या. मी पहिल्यांदा घाबरलो तेव्हा तू म्हणाली होतीस, "पहिल्या दोन पायऱ्या पायाला शिकवतात. पुढच्या तो पाठ म्हणतो. तू मध्ये बोलू नकोस." मी आर्किटेक्ट झालो तो कॉलेजात नाही, त्या जिन्यावर झालो, असं मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगतो.

दहा पायऱ्या नीट चढलो. त्यापुढचं आज लिहीत नाही.

आधी दुसरं एक कबूल करतो. तुझ्या चक्करेची गोष्ट मी काढली. तुला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी भाऊजींना विचारलं, यापूर्वी कधी तोल गेला होता का? भाऊजी नाही म्हणाले. त्यांना बावीस जानेवारीच्या त्या सकाळी धड स्वतःचं नाव आठवत नव्हतं. मग मी मध्ये पडून सांगितलं, हो, आमच्याकडे एकदा खुर्चीवरून उठताना डगमगली होती. तुला ती खुर्ची माहीत आहे. मीच काढलेली, जमिनीपासून वीतभर. त्या खुर्चीतून पैलवानसुद्धा डगमगल्याशिवाय उठत नाही. तू तेव्हा हसत होतीस आणि 'ही खुर्ची आहे की सापळा' असं विचारत होतीस. ते हसणं मी डॉक्टरांना सांगितलं नाही. डगमगणं तेवढं सांगितलं.

तिथून सगळं सुरू झालं. भाऊजी तुझ्या मागे मागे चालायला लागले, चिमणीने न्हाणीघरात रबरी चटई घातली, मोठ्या बाईंनी खालचा वर्ग देऊ केला. काठीसुद्धा माझीच. सगळ्यांनी तुझ्याकडे प्रेमाने आणि संशयाने पाहायला सुरुवात केली, आणि शेवटी तूही तसंच पाहायला लागलीस.

का सांगितलं, हे विचारशील. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे तू लहानपणापासून बघतेस. एक गोष्ट लिहायची राहिली आहे. चार वेळा लिहायला घेतली. आज होत नाही.

राजीनामा मंजूर झालेला नाही. तो परत घेता येतो. एवढं लक्षात ठेव.

तुझा,
बारक्या


१५ फेब्रुवारी

ताई,

सरळ लिहितो. अकरावी पायरी चुकलेली आहे.

जिन्याच्या दहा पायऱ्या पंधरा सेंटिमीटर उंच आहेत. सगळ्यात वरची, कलेच्या दालनात पाय ठेवताना लागते ती, सतरा आहे. डोळ्यांना ते कळत नाही. मी काढलेले फोटो मोठे करून पाहिले, मलाही दिसलं नाही. पण दहा पायऱ्यांनी पंधरा शिकवलेला पाय अकराव्या वेळीही पंधराच उचलला जातो आणि बोटं कडेला अडकतात. हातात पेटी असली की माणूस तोंडावर पडतो.

हे तू पडल्यावर सापडलं असतं तर मी तुला त्याच दिवशी सांगितलं असतं. मला ते तीन वर्षांपासून माहीत आहे.

झालं असं. वरच्या दालनात नृत्याचा तास व्हायचा होता. नृत्याच्या बाई उद्घाटनाच्या महिनाभर आधी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, नुसत्या फळ्यांवर मुलांचे गुडघे जातील, खाली काहीतरी मऊ घाला. मला इतकं बरं वाटलं. इमारत बांधताना सगळे दारं आणि दिवे मागतात, गुडघ्यांचा विचार करणारी ती एकटीच. मी दहा मिनिटांत हो म्हटलं आणि फळ्यांखाली रबराचा थर घालायला सांगितला. जमीन दोन सेंटिमीटर वर आली. जिना तेव्हा ओतून, दगड बसवून तयार होता. नकाशात दालनाच्या जमिनीचा आकडा मी बदलला आणि जिन्याचा बदलायचा विसरलो. मुलांचे गुडघे जपायला घातलेल्या थराने तुझा गुडघा फोडला.

पहिल्यांदा मिस्त्रींच्या लक्षात आलं. फळ्या बसल्यावर ते हातात पाण्याची बाटली घेऊन वर चढले आणि थांबले. खाली गेले, परत चढले. मग मला हाक मारून म्हणाले, "साहेब, वरची पायरी पायाला वेगळी लागते." मी टेप लावला. सतरा. दुरुस्ती अवघड नव्हती. सगळे दगड उचलायचे आणि त्या दोन सेंटिमीटरची वाटणी अकरा पायऱ्यांत करायची, प्रत्येकीला जेमतेम दोन मिलिमीटर. तीन आठवड्यांचं काम. उद्घाटन नऊ दिवसांवर होतं, पाहुणे ठरले होते, आणि अख्ख्या इमारतीत लोक बघायला येणार होते ते तो जिनाच. मी मिस्त्रींना म्हणालो, सुट्टीत करू.

सुट्टी आली. तेव्हा इमारतीला बक्षीस मिळालं होतं आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर तो जिना होता. त्यावर बसून हसणाऱ्या मुलांच्या मागे, कोपऱ्यात, तू वह्या घेऊन चढताना दिसतेस. आता कसा फोडायचा? लोक विचारतील. पुढच्या सुट्टीत बघू म्हटलं. पुढच्या सुट्टीत मला दुसरं काम होतं. तिसऱ्या सुट्टीपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं की सगळ्यांच्या पायांना सवय झाली असेल.

झाली नव्हती. परवा काकांना विचारलं. ते बिचारे सहज सांगायला लागले आणि मी ऐकत राहिलो. चित्रकलेचे सर दोनदा अडखळले, एकदा रंगाच्या पाण्याची बरणी फुटली. एका मुलीचा अर्धा दात गेला. पाहुणे म्हणून आलेले एक गायक थेट दालनात गुडघ्यांवर आले आणि म्हणाले, कलेपुढे लोटांगण घातलं. सगळे हसले. तीन वर्षांत कोणीही जिन्याची तक्रार केली नाही. अडखळलेला माणूस आधी आजूबाजूला बघतो, कोणी पाहिलं का. मग स्वतःलाच हसतो, किंवा चपलेकडे बघतो. पायरीकडे कोणी बघत नाही. माझा जिना तुम्हा सगळ्यांच्या त्या लाजेवर उभा होता.

आता अहवालाचं. तू पडलीस त्याच्या पाचव्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्या भल्या बाई आहेत, त्यांनी स्वच्छ विचारलं, जिन्यात काही दोष आहे का, असेल तर आधी तो दुरुस्त करू. माझ्यासमोर सरळ दार उघडं होतं. मी टेबलावर बसून लिहिलं: 'जिन्याची पाहणी केली. बांधकामात दोष आढळत नाही. पडण्याचे कारण वैयक्तिक असावे.' ही शेवटची ओळ कोणी मागितली नव्हती. ती मी आपणहून घातली. खाली सही केली. त्या दिवशी तुझ्या मनगटात सळई घालत होते.

मला भीती कसली होती ते सांगतो, म्हणजे तू मला जास्त चांगला समजणार नाहीस. काम जाईल, नाव जाईल, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती तुझी होती. तू पट्टी घेऊन येशील, मोजशील आणि माझ्याकडे बघशील, तिसरीत मी गणिताच्या वहीत खाडाखोड करून उत्तर जुळवलं होतं तेव्हा बघितलं होतंस तशी. त्या नजरेपासून वाचायला मी तुला अपंग ठरवलं. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

काल मी मोठ्या बाईंकडे गेलो. दुसरा अहवाल लिहून नेला होता, त्यात सगळं आहे. मिस्त्री काय म्हणाले, मी काय म्हणालो, पहिला अहवाल खोटा कसा होता. त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढून ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "बाईंना सांगितलंत?" मी म्हटलं, उद्या लिहितो. त्या म्हणाल्या, "संस्थेचं मी बघेन. त्यांचं तुम्ही बघा." तुझा राजीनामा त्यांच्या खणात आहे. अठ्ठावीस तारखेपर्यंत तो खणातून बाहेर निघणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं. संस्था माझं काय करेल ते कळेलच. बक्षीस देणाऱ्यांनाही मी पत्र टाकलं आहे. त्यात कल्पना कोणाची होती तेही लिहिलं आहे, उशिरा का होईना.

आज सकाळी मिस्त्री आले. वय झालं आहे, पण हात तोच. त्यांनी पहिल्या दगडाखाली छिन्नी लावली आणि सहज विचारलं, पडल्या त्या बाई आता कशा आहेत? मी म्हटलं, माझी बहीण आहे. त्यांनी छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाले, "कोणाची का असेना, तेव्हाच फोडायला हवा होता." आणि कामाला लागले. मीही त्यांच्याबरोबर दगड उचलले. माझ्याकडून मदत कमी आणि अडचण जास्त झाली, पण त्यांनी जा म्हटलं नाही.

तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवावास अशी माझी लायकी राहिलेली नाही. म्हणून पाकिटात त्या रबराचा तुकडा ठेवला आहे, दालनाच्या कडेचा कापून घेतलेला. चिमणीकडे पट्टी असेलच. डाव्या हाताने मोज. दोन सेंटिमीटर भरेल. मग स्वयंपाकघराच्या त्या तीन पायऱ्यांपाशी जा. भाऊजींना बाजूला व्हायला सांग, काठी भिंतीला टेकव, आणि उभी राहून उतर. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, कानांना नाही, वयाला नाही. बावीस जानेवारीला तुझा पाय जेवढा उचलायला हवा तेवढाच उचलला गेला होता. तो पाठ बरोबर म्हणत होता. शिकवणाऱ्यानेच त्याला खोटं शिकवलं.

मला माफ कर असं लिहिणार होतो. नाही लिहीत. ते मागितलं तर तू लगेच देशील, 'जाऊ दे रे, तू जेवलास का' म्हणशील, आणि मी पुन्हा सुटेन. या वेळी रागाव. फोनवर रागाव, पत्रात रागाव, इथे येऊन सगळ्यांसमोर रागाव. फक्त तो राजीनामा माझ्यामुळे देऊ नकोस. सरांची भिंत कोरी आहे, काकांनी किल्ली दिलेली नाही, आणि सहा लोलक मी आजच मागवले आहेत.

जिना पुढच्या महिन्याच्या सातला तयार होईल. तोवर त्यावर कोणी पाय ठेवणार नाही. पहिल्यांदा तू चढावंस असं मला वाटतं, पण ते तुझ्यावर आहे. आलीस तर मी खाली उभा असेन. हात धरणार नाही.

ज्याने ती पायरी तशीच ठेवली आणि दोष तुझ्या पायांवर टाकला, तो तुझा सख्खा भाऊ,
बारक्या